सहा मिनिटांचा दाखला

जपानला जाऊन आलेला माणूस ओळखायला सोपा असतो. तो व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी देतो, कुणी चहा पुढे केला की कमरेतून वाकतो, आणि तिसऱ्या वाक्याला "जपानमध्ये असं नसतं" म्हणतो. मी कंपनीच्या ट्रेनिंगसाठी चौदा दिवस तिकडे राहिलो आणि पुढची दोन वर्षं घरच्यांना ते विसरू दिलं नाही. आमच्या शारजातल्या अल मजाजच्या फ्लॅटमध्ये चपलासुद्धा टोकं दाराकडे करून ठेवायच्या, असा मी नियम काढला होता. तो फक्त मीच पाळत असे.

माझी नोकरी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. दुबई मरीनाच्या पलीकडे एका बिल्डरने हॉटेलं आणि ऑफिसांची एक वसाहत उभी केली आहे. मेट्रो स्टेशनपासून त्या वसाहतीत जायला त्याने स्वतःची रेल्वे बांधली. पाच स्टेशनं, दोन डब्यांच्या दोन गाड्या, एवढाच संसार. चालवायचं कंत्राट दिलं जपानमधल्या एका खासगी रेल्वे कंपनीला, आणि त्या कंपनीने पहिल्या स्टेशनवर सुपरवायझर म्हणून नेमलं मला. त्याआधी मी पुण्यात आणि मग शारजात गोदामांचा हिशेब बघत होतो. रेल्वेशी माझा संबंध तिकीट काढण्यापुरता होता.

जपानमध्ये या कंपनीची लाइन एका मोठ्या शहरातून उपनगरांकडे जाते. सरकारची नाही, कंपनीची. नुसती गाडीच नव्हे, शेवटच्या स्टेशनवरचं सहा मजली दुकान कंपनीचं, दुकानाच्या डोक्यावरचं हॉटेल कंपनीचं, रुळांच्या दोन्ही बाजूंची घरं कंपनीने बांधून विकलेली आणि घरापासून स्टेशनपर्यंतची बसही कंपनीची. माणूस सकाळी कंपनीच्या घरातून निघून कंपनीच्या गाडीने कामावर जातो, येताना कंपनीच्या दुकानातून मासे घेऊन कंपनीच्याच बसने घरी परततो. याला तिथे कुणी अडकणं म्हणत नाही, सोय म्हणतात. आमच्या बिल्डरला ही कल्पना भलतीच आवडली होती. विशेषतः लोकांनी सगळं त्याच्याकडूनच घ्यायचं, हा भाग.

तिथून मी दोन गोष्टी शिकून आलो. पहिली म्हणजे बोट दाखवून बोलणं. ड्रायव्हर असो की प्लॅटफॉर्मवरचा माणूस, पांढरा हातमोजा घातलेलं बोट तो प्रत्येक गोष्टीकडे रोखतो आणि मोठ्याने बोलतो. सिग्नल हिरवा! दारं बंद! वेळ बरोबर! एकटा असला तरी बोलतो. डोळ्यांनी बघितलेलं डोकं सोडून देतं, पण बोटाने दाखवून तोंडाने म्हटलेलं सोडत नाही, असं त्यामागचं शास्त्र. दुसरी गोष्ट म्हणजे उशिराचा दाखला. गाडीला पाच मिनिटं किंवा त्याहून जास्त उशीर झाला, की स्टेशनवरचा माणूस प्रवाशांना एक छापील चिठ्ठी देतो. अमुक तारखेला, अमुक गाडीला इतका उशीर झाला, त्याबद्दल आम्ही दिलगीर आहोत. प्रवासी ती ऑफिसात साहेबाला दाखवतो. साहेब ती खरी मानतो. हे शेवटचं वाक्य लिहिताना मला आजही अंगावर काटा येतो.

बोट दाखवणं मी घरी आणलं. सकाळी पाचला शारजातून निघताना मी दारात उभा राहून ओरडायचो, "गॅस बंद! गीझर बंद! किल्ली हातात!" पाचलाच निघायचो, कारण सहाला निघालं तर शारजा-दुबई रस्त्यावर नुसतं बसायचं असतं. दुसऱ्यांच्या मिनिटांचा हिशेब ठेवणारा मी स्वतः रोज ड्यूटीच्या अडीच तास आधी घर सोडत होतो, पण त्यातला विनोद तेव्हा मला दिसला नाही. बायकोला दिसत होता. ती पांघरुणातून म्हणायची, "अहो, बायको झोपलेली, तेही म्हणा." दहावीतली मुलगी उशी कानावर ओढून म्हणायची, "पप्पा, धिस इज सो क्रिंज."

दाखल्याचं मात्र आमच्या प्रवाशांनी सोनं केलं. पहिल्यांदा गाडीला नऊ मिनिटं उशीर झाला तेव्हा मी हातमोजे चढवून, वाकून दाखले वाटले. जपानी प्रवाशाने एक घेतला असता. आपल्या लोकांनी दोन-दोन घेतले, एक ऑफिसला आणि एक फाइलला. एकाने हा अटेस्ट कुठे करून मिळेल असं विचारलं. दुसऱ्याने मित्रासाठी मागितला, आणि तो मित्र त्या दिवशी बसने आला होता. तिसऱ्याने घरी नेऊन लॅमिनेट केला. आखातात कागदाशिवाय माणूस अर्धाच असतो हे मला मान्य आहे, पण उशिराचंही प्रमाणपत्र भिंतीवर लागेल असं जपानी लोकांच्या स्वप्नातही आलं नसेल. मी मग नियम कडक केला. नोंदवहीत पाच मिनिटं असली तरच दाखला, माणशी एक, प्रवाशाने स्वतः येऊन सही करायची. चार मिनिटं एकोणसाठ सेकंदाला मी दोनदा नाही म्हणालो आणि दोन्ही वेळा मला फार बरं वाटलं.

ही नोंदवही हाताने लिहायची असते. कंट्रोल रूममध्ये कॉम्प्युटर आहे, तो आपलं काम करतो. पण आमचे मुख्य साहेब, साठीला आलेले जपानी गृहस्थ, त्यांच्या लाइनीवर चाळीस वर्षं काढून इथे आलेले. माणसाने स्वतःच्या घड्याळात बघून स्वतःच्या हाताने वेळ लिहिली पाहिजे, असा त्यांचा आग्रह. मला त्यांनी कंपनीचं खिशातलं घड्याळ दिलं होतं. कॉम्प्युटरचा आकडा महिनाअखेरीला तपासतात, दाखला माझ्या वहीवरून निघतो. एवढा विश्वास माझ्यावर आधीच्या कुठल्याच साहेबाने टाकला नव्हता. त्या विश्वासाचा मला माज चढला, हे आता सरळ सांगून टाकतो.

त्यातून पाटी आली. दाखला द्यावा न लागता गेलेले दिवस मोजणारी पाटी मीच सुचवली आणि तिकीट खिडकीशेजारी लावली. रोज सकाळी आकडा बदलायचा, बोट दाखवून मोठ्याने म्हणायचा. शंभर झाले की जपानहून मोठे साहेब येणार होते. ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी पाटीवर सत्त्याण्णव होते.

त्या सकाळी बिल्डरच्या ऑफिसातून दोघं कॅमेरा घेऊन आले. शंभरीचा व्हिडिओ करायचा होता. सात बेचाळीसची गाडी प्लॅटफॉर्मला लागलेली, माणसं आत बसलेली, दारं उघडी. मी हातमोजा सरसावून "दारं बंद" म्हणणार तोच कॅमेरावाला म्हणाला, "हबीबी, वन मोर टाइम, थोडा स्माइल के साथ." मी हसून पुन्हा बोट दाखवलं. मग उजेड दुसरीकडून येत होता. मग माझी टोपी वाकडी होती. चौथ्या वेळेला मला स्वतःलाच आवाज बरा लागला नाही असं वाटलं आणि मी म्हणालो, "एक और करते हैं." ड्रायव्हर माझ्या इशाऱ्याशिवाय गाडी हलवणार नव्हता, कारण त्यालाही मीच शिकवलं होतं. गाडी सुटली तेव्हा खिशातलं घड्याळ काढून बघितलं. सात अठ्ठेचाळीस आणि वर थोडे सेकंद.

त्या घड्याळाकडे बोट दाखवून मोठ्याने वेळ म्हणायची असते. त्या दिवशी मी ती मनातल्या मनात म्हणालो आणि वहीत सात शेहेचाळीस लिहिलं. चार मिनिटं.

दुपारी चारच्या सुमाराला खिडकीवर आमच्या बिल्डिंगमधल्या, पाचव्या मजल्यावरच्या ताई आल्या. वसईच्या. वसाहतीतल्या एका हॉटेलात हाउसकीपिंगच्या सुपरवायझर, आणि रोज शारजाहून बस, मग मेट्रो, मग आमची गाडी असा प्रवास करणाऱ्या. त्यांची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात. नवऱ्याची नोकरी वर्षापूर्वी गेली होती, त्यामुळे नवरा आणि मुलगी दोघंही ताईंच्याच व्हिसावर. हे सगळं मला माहीत होतं. गणपतीत त्या आमच्याकडे येतात आणि नाताळात आम्ही त्यांच्याकडे जातो.

"भाऊ, सकाळचं लेटचं सर्टिफिकेट द्या ना," त्या म्हणाल्या. "मला आठला पंच करायचं होतं, आठ तीन झाले. दोन वॉर्निंग आधीच झाल्यात, शारजाच्या ट्रॅफिकच्या. हे थर्ड आहे. उद्या दहाला एचआरने बोलावलंय. प्रूफ असेल तर आणा म्हणाले, नाहीतर काँट्रॅक्ट रिन्यू नाही करणार. पोरीची बोर्डाची परीक्षा पाच आठवड्यांवर आली हो."

मी वही उघडली. ती उघडायची गरज नव्हती. मी पान त्यांच्याकडे फिरवलं आणि बोटाने ओळ दाखवली.

"चार मिनिटं, ताई. नियम पाचचा आहे."

"चार कुठली! मी घड्याळच बघत बसले होते. तुमचं शूटिंग चाललं होतं की. सहा तरी झाली."

"नोंद चारची आहे."

"पण भाऊ, तुम्ही तर तिथेच..."

"ताई, एकाला दिला तर उद्या सगळे येतील. सिस्टम आहे ही. जपानमध्ये असं चालत नाही."

भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पर्स खांद्यावर चढवून त्या मेट्रोच्या जिन्याकडे गेल्या. मी वही मिटली आणि तिच्यावर पट्टी सरळ ठेवली.

संध्याकाळी घरी पोचलो तर बायकोला सगळं कळलेलं होतं. लिफ्टमध्ये कळतं आमच्याकडे. तिने ताट वाढलं, पण समोर बसली नाही, ओट्याला टेकून उभी राहिली.

"चार होती की सहा?" तिने विचारलं.

"नोंद..."

"नोंद नाही विचारली मी."

मी आमटीत भात कालवत राहिलो. मुलगी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गणितं सोडवत होती. मान वर न करता म्हणाली, "शी हॅज टू लीव्ह बिफोर बोर्ड्स, पप्पा? लाइक, लीव्ह लीव्ह?" तिच्या पुढच्या वहीवर ताईंच्या मुलीचं अक्षर होतं. दोघी एकमेकींच्या नोट्स वापरत असत.

बायको म्हणाली, "रोज सकाळी अख्ख्या घराकडे बोट दाखवून ओरडता. एकदा स्वतःकडे दाखवून बोला ना. बघू काय बाहेर येतं ते."

मला राग आला. खूप आला. मी कंपनीच्या विश्वासावर, नियमावर आणि आपल्या लोकांच्या बेशिस्तीवर लांबलचक बोललो. आपण कधीच सुधारणार नाही, असंही म्हणालो. पाणी प्यायला थांबलो तेव्हा लक्षात आलं की स्वयंपाकघरात मी एकटाच आहे.

दुसऱ्या दिवशी पाचला दारात उभा राहिलो. गॅस बंद म्हणायला बोट उचललं आणि तोंडातून शब्दच निघेना. तसाच निघालो. रस्त्यात तीन वेळा वाटलं की गॅस चालू राहिला. दोन वर्षांत पहिल्यांदाच असं वाटलं होतं.

मुख्य साहेब साडेसातला येतात. मी वही घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि उभ्या उभ्याच सांगितलं की काल सात बेचाळीसची गाडी चार मिनिटं नाही, सहा मिनिटं उशिरा सुटली, उशीर माझ्यामुळे झाला, आणि आकडा मी जाणूनबुजून खोटा लिहिला. का लिहिला हेही सांगितलं. पाटीचं नाव काढताना मला लाज वाटली. खून केल्याचं कबूल करणं कदाचित सोपं जात असेल. निदान कारण तरी बरं असतं.

मला वाटलं होतं साहेब संतापतील, किंवा तिकडच्या पद्धतीने इतके गप्प बसतील की मीच राजीनामा लिहीन. त्यांनी वही उघडली. सात शेहेचाळीसवर पट्टी धरून एकच रेघ मारायला लावली, अशी की खालचा खोटा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी खरा आकडा, माझी सही, आजची तारीख. मग त्यांनी तुटक इंग्रजीत विचारलं, "गाडीत किती माणसं होती?"

"साठेक असतील."

"मग साठ दाखले. आधी तो, ज्याची घाई आहे."

ताईंबद्दल मी सांगितलं तेव्हा ते टोपी घेऊन उठलेच. मी दाखला लिहिला. आमच्या छापील दाखल्यावर कारणाचा रकाना नाही, जपानमध्येही नसतो. मी खाली माझ्या हाताने लिहिलं, स्टेशन सुपरवायझरच्या चुकीमुळे. साहेबांनी ते वाचलं आणि दाखला मला परत दिला.

सकाळच्या गर्दीच्या गाड्या सोडून हॉटेलात पोचलो तेव्हा दहाला दहा कमी होते. ताई एचआरच्या दाराबाहेर प्लास्टिकची फाइल मांडीवर घेऊन बसल्या होत्या. फाइलमध्ये पासपोर्टच्या, आयडीच्या, लग्नाच्या दाखल्याच्या, मुलीच्या शाळेच्या झेरॉक्स. कुठला कागद कामाला येईल सांगता येत नाही, म्हणून सगळेच आणले होते. मला बघून त्या उठल्या नाहीत.

एचआरचा साहेब दिल्लीचा होता. त्याने दाखला उलटा-सुलटा करून बघितला. "ये तो कोई भी प्रिंट कर सकता है. स्टॅम्प किधर है?" खरंच, शिक्का नव्हता. जपानमध्ये ज्या चिठ्ठीवर साहेब विश्वास ठेवतो, ती इथे शिक्क्याशिवाय वाण्याची पुडी ठरते, आणि दोन वर्षांत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात आमचे मुख्य साहेब पुढे झाले, टोपी काढली आणि त्या तिशीतल्या पोरगेल्या माणसापुढे कमरेतून पूर्ण वाकले. तसेच राहिले. त्यांना एकटं वाकू देणं मला जमेना, मीही वाकलो. चौदा दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये मला वाकण्याचे तीन कोन शिकवले होते. त्या वेळी कोनाची आठवण झाली नाही.

"सर, गलती मेरी थी," मी कार्पेटकडे बघत म्हणालो. "गाडी मैंने रोकी थी. फोटो के लिए. और टाइम भी मैंने गलत लिखा."

"अरे, खलास, खलास, बस हो गया!" एचआरवाला घाबरून खुर्चीतून उठला. काचेबाहेरून लोक बघत होते. "उठिए ना सर, प्लीज." त्याने ताईंच्या कागदावर तिसऱ्या वॉर्निंगवर फुली मारली, आणि त्या फुलीवर त्याच्या हॉटेलचा गोल निळा शिक्का मारला, म्हणजे फुली खरी झाली. काँट्रॅक्टचं काय, असं ताईंनी विचारलं. तो म्हणाला, "हो जाएगा, इन्शाल्ला." ताईंनी तारीख विचारली. इन्शाल्ला हा शब्द त्यांनी आखातात वीस वर्षं ऐकला होता. त्याने कॅलेंडर बघून तारीख सांगितली आणि ताईंनी ती फाइलवर पेनने लिहून घेतली.

बाहेर लॉबीत त्यांनी दाखला नीट वाचला. खालची माझी ओळ दोनदा वाचली. मला वाटलं आता त्या आभार मानतील, आणि आपण नको नको म्हणू. खोटं कशाला सांगू, ते वाक्य मी गाडीत बसल्यापासून जुळवत होतो.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "रात्री माझ्या घरात कुणी जेवलं नाही. पोरगी पुस्तकं खोक्यात भरत होती. मी म्हटलं थांब, तर म्हणाली, उद्या भरली तरी तेवढाच वेळ लागेल." त्यांनी दाखला फाइलीत ठेवला, मुलीच्या शाळेच्या कागदांवर. "यावर कालची तारीख आहे. मिळाला आज. याच्या उशिराचं सर्टिफिकेट कुठल्या खिडकीवर मिळतं?"

माझा हात सवयीने खिशातल्या घड्याळाकडे गेला. साहेबांना मराठी कळत नाही, पण त्यांनी मान खाली घातली.

स्टेशनवर परतलो तेव्हा दुपारची गाडी लागायची होती आणि प्लॅटफॉर्मवर बरीच माणसं होती. पाटीवर अजून सत्त्याण्णव होते. सकाळी बदलायचं राहून गेलं होतं, नाहीतर अठ्ठ्याण्णव झाले असते. मी दोन्ही आकडे काढले, एकाच्या जागी नुसती मोकळी खाच ठेवली आणि दुसऱ्यात शून्य अडकवलं. मग हातमोजा न घालताच पाटीकडे बोट दाखवलं.

"शून्य!" मी म्हणालो. पहिल्यांदा आवाज नीट निघाला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो.